नुसती मेहनत करून उपयोग नसतो का? अकरा वर्षांनी पडलेला प्रश्न

ढोरमेहनत_११

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज झोपच येईना म्हणून लिहूनच टाकतो. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

मी अकरा वर्षं एकाच कंपनीत स्टोअर्सला आहे. सकाळी सगळ्यांच्या आधी येणार आणि संध्याकाळी वॉचमन दिवे घालवायला लागला की मग उठणार. सुट्ट्या दरवर्षी फुकट जातात. महिनाअखेरीला सगळ्या स्टॉकचा ताळमेळ घालून एक रिपोर्ट काढतो, चाळीस पानांचा, त्याला चार दिवस लागतात, त्यातली एक रात्र तर जवळजवळ जागूनच, आणि अकरा वर्षांत एकदाही तो उशिरा गेलेला नाही. एकदा तापाने फणफणलो होतो तरी घरनं लॅपटॉपवर बसून पाठवलाय.

गेल्या आठवड्यात प्रमोशनची यादी लागली. माझं नाव नाही, ते सवयीचं झालंय, पण ज्याचं नाव आहे तो चार वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली काम शिकलेला पोरगा. सहा वाजले की बॅग उचलतो म्हणजे उचलतोच. वाईट नाहीये, यादी लागल्यावर पहिल्यांदा मलाच येऊन सांगितलं त्याने, त्यामुळे तर अजूनच कसंतरी झालं. साहेबांना विचारलं तर म्हणाले, अरे तुझ्याशिवाय डिपार्टमेंट चालणार नाही, तुझ्याइतका मेहनती माणूस नाही आपल्याकडे. मी मान डोलावली आणि जागेवर येऊन बसलो, आणि पाच मिनिटांनी ट्यूब पेटली की अरे, उत्तर तर मिळालंच नाही.

लहानपणापासून एकच ऐकत आलो, कष्टाला पर्याय नाही. शाळेत ते खरंही ठरलं, जास्त घोकलं की जास्त मार्क. मग नियम बदलला कधी, आणि बदलला तर मला कुणी सांगितलं का नाही? कष्टाच्या जोडीला अजून काय लागतं ते सांगा. फक्त दोन गोष्टी सोडून, नशीब आणि चमचेगिरी. हे दोन ऐकून कान किटलेत.

तिरपागडा

तो चाळीस पानी रिपोर्ट वाचतं कोण?

ढोरमेहनत_११

साहेबांना जातो, ऑडिटला जातो, हेड ऑफिसला सीसी असतो. असा काय प्रश्न?

तिरपागडा

जातो कुणाला ते नाही विचारलं. वाचतं कोण ते विचारलं.

आणि दुसरं, रागावू नकोस, पण "तुझ्याशिवाय चालणार नाही" हे कौतुक नाहीये मित्रा. साहेबाच्या खुर्चीत बसून बघ जरा, जो खांब काढला तर छप्पर खाली येईल तो खांब कोण हलवेल? मी स्वतः सहा वर्षं असा खांब होतो, एक जुनी सिस्टीम फक्त मलाच कळायची आणि मला त्याचा माजही होता, रात्री-अपरात्री फोन यायचे तेव्हा बरं वाटायचं, आपल्यावाचून अडतं लोकांचं. दरवर्षी अप्रेझलला तेच वाक्य ऐकायचो जे तू ऐकलंस. शेवटी कंटाळून दोन पोरांना सगळं शिकवून टाकलं, लिहून दिलं, दीड वर्षात मला दुसरीकडे घेतलं. त्याआधी भीती काय वाटायची तर शिकवलं तर आपली किंमत काय राहणार. किंमत आधीही नव्हतीच, फक्त गरज होती. तुझ्या त्या पोराला तूच शिकवलंस ना? त्याने बहुतेक अजून कुणालातरी शिकवून ठेवलं असेल, बघ चौकशी करून.

पाणकावळा

मी पोहणं शिकवतो, वीसेक वर्षं झाली, त्यामुळे ऑफिसातलं मला काही कळत नाही, पण मेहनत हा विषय रोज डोळ्यासमोर असतो म्हणून लिहितोय.

माझ्याकडे एक मुलगा होता. पहाटे सगळ्यांच्या आधी पाण्यात, शेवटी बाहेर. रोज तीन तास. आणि दोन वर्षांत त्याचं टायमिंग जिथल्या तिथे, मधे तर थोडं घसरलंच. फ्रीस्टाइलमधे हात पाण्यात गेल्यावर कोपर खाली पडायचं त्याचं, म्हणजे हाताने पाणी मागे ढकललं जाण्याऐवजी हात नुसता पाणी कापत मागे सरकायचा. मी सांगायचो, तो हो म्हणायचा, दोन लॅप नीट करायचा आणि दमला की परत तेच. आता विचार करा, रोज तीन तास, हजारो वेळा तो काय करत होता? चुकीचं कोपर पक्कं करत होता. कमी पोहला असता तर चूक कमी मुरली असती, हे ऐकायला विचित्र वाटतं पण खरं आहे.

शेवटी एक दिवस मोबाईलवर त्याचा पाण्याखालचा व्हिडिओ काढला आणि काठावर बसवून दाखवला. तो बघत राहिला, परत लावला, परत लावला, आणि मला म्हणाला, सर हा मी नाहीये. अहो टोपी त्याची, चड्डी त्याची, पण तो मानेचना! त्याच्या डोक्यात त्याचा हात बरोबरच जात होता ना. त्यानंतर आम्ही महिनाभर अंतर निम्म्यावर आणलं, अगदी हळू पोहायचं, दर चार लॅपला व्हिडिओ. रडकुंडीला आला होता, कारण दम लागत नव्हता आणि दम लागला नाही की त्याला मेहनत केल्यासारखंच वाटत नव्हतं. मला वाटतं आपल्यातल्या बऱ्याच जणांचं हेच होतं, अंग दुखलं म्हणजे काम झालं असं आपण धरून चालतो.

ते दहा हजार तासांचं तुम्ही ऐकलं असेल, कुठल्याही गोष्टीत दहा हजार तास घाला की झालात तज्ज्ञ. त्याचं मूळ आहे मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९३च्या अभ्यासात, बर्लिनमधे व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांवर केलेला. त्यात वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत सगळ्यात चांगल्या गटाची *सरासरी* दहा हजाराच्या पुढे होती, म्हणजे त्या गटातले सगळे तिथे पोचले होते असं अजिबात नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे हे तास कसले, तर एकट्याने, नेमक्या चुकलेल्या जागेवर, शिक्षकाने सांगितल्याप्रमाणे घासलेले. नुसतं वाजवलेले तास यात धरायचेच नाहीत, एरिक्सन स्वतः नंतर हेच सांगत राहिले पण लोकांच्या लक्षात राहिला फक्त आकडा.

त्यापुढे २०१४ला मॅकनमारा आणि इतरांनी असे बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं की माणसामाणसातला फरक सरावाने किती उलगडतो. बुद्धिबळासारख्या खेळांत साधारण २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळात १८, शिक्षणात ४, आणि नोकरी-व्यवसायात तर १ टक्क्याच्या पण खाली. एरिक्सन यांना हे पटलं नाही, त्यांचं म्हणणं पडलं की कुठला सराव मोजायचा हेच तुम्ही सैल धरलंय. तो वाद राहू दे, पण आकड्यांचा उतार बघा, जिथे नियम पक्के आणि चूक लगेच कळते तिथे सराव जास्त कामी येतो. पटावर चुकीची चाल केली की समोरचा लगेच वजीर मारतो. ऑफिसात तुमचा वजीर कधी मेला ते पाच वर्षांनी कळतं.

म्हणून तुम्हाला माझा प्रश्न एवढाच, अकरा वर्षांत तुमचा व्हिडिओ कुणी काढलाय का?

गणिताचा_तास

धागाकर्त्याने नशीब बोलायचं नाही म्हटलंय पण मी बोलणार, सॉरी. कारण नशीब म्हणजे कपाळावर काय लिहिलंय ते मी म्हणतच नाहीये, मोजता येणारं नशीब असतं त्याबद्दल बोलतोय.

कॅनडात आइस हॉकीच्या मुलांचे वयोगट १ जानेवारी या तारखेने पाडायचे. रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मधे दाखवून दिलं की वरच्या पातळीवरच्या खेळाडूंमधे जानेवारी-फेब्रुवारी-मार्चमधे जन्मलेले जरा जास्तच भरलेत. कारण साधं आहे. त्याच गटात जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, आठ-नऊच्या वयात वर्षभराने केवढा फरक पडतो, तो अंगाने मोठा म्हणून निवडला जातो, निवडला गेला की चांगला कोच, जास्त मॅचेस, आणि पुढे पाच वर्षांनी तो खरोखरच जास्त चांगला खेळतो. तेव्हा त्याला विचारा, तो म्हणणार मेहनत केली. खोटं नाही बोलत तो! केलीच मेहनत. फक्त डिसेंबरवाल्याला ती करायला बर्फच मिळाला नाही.

अजून एक. २००६ मधे साल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी इंटरनेटवर प्रयोग केला, १४ हजारांवर लोक आणि अनोळखी बँडची ४८ गाणी. काही लोकांना फक्त गाणी दिली आणि बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या "दुनियां"मधे वाटलं, ज्यात आधीच्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड केलं ते दिसायचं, पण फक्त त्यांच्याच दुनियेतलं. गाणी तीच असून प्रत्येक दुनियेत वेगळीच गाणी वर आली. एकदम भारी गाणी सहसा तळाला गेली नाहीत, एकदम टुकार सहसा वर आली नाहीत, पण मधल्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं. आता आपण बहुतेक सगळे मधलीच गाणी आहोत हो. हे कळल्यावर मला तर हलकं वाटलं होतं, इथे बऱ्याच जणांना राग येईल.

शाळेबद्दल तुम्ही लिहिलंय ना, नियम कधी बदलला म्हणून. मी शिकवतो त्यामुळे सांगतो, शाळेत तीन गोष्टी आम्ही तुम्हाला तयार करून देतो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. प्रश्न कुठला सोडवायचा ते आम्ही ठरवतो. वेळ सगळ्यांना सारखा. आणि पेपर कितीही रटाळ असला तरी तो *शेवटपर्यंत वाचायला* एक माणूस बांधलेला असतो. बाहेर पडलात की यातलं एकही नाही, राहते फक्त मेहनत, आणि मग वाटतं मेहनतीने दगा दिला. तिरपागडा यांनी एका ओळीत विचारलं तेच आहे हे, मी उगाच दोन पानं खाल्ली.

बारीक_सारीक

+१ तिरपागडा. बाकी वाचतेय.

कष्टाळू_काका

हे सगळं ठीक आहे पण मला याचा धोका वाटतो. आजकाल जो तो स्मार्ट वर्क स्मार्ट वर्क करतो आणि त्याचा खरा अर्थ असतो काम टाळणे. तुम्ही तरुण मुलांना सांगताय मेहनतीने एक टक्का फरक पडतो, जन्माचा महिना बघा, झालं! त्यांना बहाणाच पाहिजे होता. मी चाळीस वर्षं लेथवर काढली, हात चालवल्याशिवाय एक तरी वस्तू तयार झालेली मला दाखवा. असेल माझा हरी करून बसलेल्यांना काय मिळतं ते पण बघितलंय.

नकाशेवाला

काका, मेहनत नको असं इथे कुणीच म्हणत नाहीये. पण मेहनत दोघांनीही केली आणि तरी एक मेला, असं उदाहरण देतो, मला या विषयाचं जरा वेड आहे.

दक्षिण ध्रुव, १९११, तिथे पहिलं कोण पोचतं याची शर्यत. एकीकडे नॉर्वेचा अमुंडसन, दुसरीकडे ब्रिटिश स्कॉट. अमुंडसन १४ डिसेंबर १९११ला पोचला, स्कॉट १७ जानेवारी १९१२ला, जाऊन बघतो तर तिथे आधीच नॉर्वेचा झेंडा. परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्याचे चारही साथीदार गेले, शेवटचा तंबू सापडला तो खाण्या-इंधनाच्या पुढच्या मोठ्या साठ्यापासून अवघ्या अठरा किलोमीटरवर. आता यात जास्त कष्ट कुणी केले म्हणाल तर शंभर टक्के स्कॉटच्या माणसांनी! स्लेज स्वतःच्या अंगाला पट्टे बांधून ओढत होते शेकडो मैल, आणि त्यात सोळाएक किलो दगड, अभ्यासासाठी गोळा केलेले, शेवटपर्यंत टाकले नाहीत. अमुंडसनकडे कुत्री ओढत होती आणि माणसं स्कीवर.

पण अमुंडसनने मेहनत केली नाही का? केली, फक्त आधी केली आणि दुसरीकडे केली. त्याआधीच्या मोहिमेत तो उत्तरेत दोन हिवाळे नेट्सिलिक इन्युइट लोकांच्या शेजारी राहिला, कुत्री कशी हाकायची, कातड्याचे कपडे कसे घालायचे ते त्यांच्याकडून शिकला, थंडीत आयुष्य काढलेल्या माणसांपुढे विद्यार्थी होऊन बसला. ध्रुवाच्या वाटेवर साठे करताना साठ्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या ओळीत झेंडे लावले, म्हणजे परत येताना थोडं वाट चुकलं तरी एखादा झेंडा दिसणारच. स्कॉटचं नशीब वाईट होतं हेही खरं, त्या मार्चमधे थंडी फार होती, गणिताचे मास्तर म्हणतात ते आहेच. पण झेंड्यांच्या त्या ओळीला फार घाम लागत नाही हो, आपण चुकणार हे आधी कबूल करावं लागतं.

काका तुमचंच घ्या ना, लेथवर जॉब लावायच्या आधी माप दोनदा बघायचात की नाही? त्या दोन मिनिटांना कुणी कष्ट म्हणत नाही, पण ती चुकली की आठ तास भंगारात.

कष्टाळू_काका

ते बरोबर. सेटिंग चुकलं की सगळा लॉट रिजेक्ट. हे मान्य. पण सेटिंग करून हात बांधून बसलं तरी लॉट होत नाही, तेवढं माझं राहू द्या.

नकाशेवाला

राहू द्या काय, मंजूरच आहे :)

अजून एक जण आठवतो, तो धागाकर्त्याच्या जास्त जवळचा आहे. इग्नाझ सेमेलवाइस, व्हिएन्नाचा डॉक्टर. १८४७ मधे त्याच्या वॉर्डात बाळंतिणी तापाने पटापट मरत होत्या, एप्रिलमधे प्रमाण १८ टक्क्यांच्या वर. शवविच्छेदन करून डॉक्टर तसेच बाळंतपणाला जातात हे त्याच्या लक्षात आलं, मे महिन्यात क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, जूनमधे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास. एवढा धडधडीत निकाल हातात असून मोठ्या डॉक्टर लोकांना तो पटला नाही. त्यांच्या अहंकाराचा भाग आहेच, तुमच्या हाताने बाया मेल्या हे कोण ऐकून घेईल. पण त्याने स्वतः सविस्तर पुस्तक काढलं ते १८६१ला, चौदा वर्षांनी, तेही किचकट, आणि नंतर विरोधकांना उघड पत्रं लिहून खुनी वगैरे म्हणाला. १८६५ला वेड्यांच्या इस्पितळात गेला बिचारा. काम बरोबर होतं, कष्ट होते, निकाल होता. दुसऱ्याच्या गळी उतरवणं हे पण कामच आहे हे त्याला कुणी सांगितलं नसावं, आणि आपल्याकडे त्यालाच चमचेगिरी म्हणतात. तुम्ही दोन्ही एकाच पिशवीत टाकलंय असं मला तुमच्या पोस्टवरून वाटलं, चुकत असेन तर सांगा.

उशिराची_बस

सगळे पुरुष लिहितायत म्हणून एक बाजू मांडते. ढोरमेहनत दादा, तुम्ही लिहिलंय संध्याकाळी दिवे घालवेपर्यंत थांबता, एक रात्र जागता. हे तुम्हाला करता येतं कारण त्या वेळात घरचं कुणीतरी दुसरं बघत असणार. मी आठ वर्षं साडेपाचला उठत आले कारण मुलाला पाळणाघरातनं आणायचं असतं, आणि त्या आठ वर्षांत "कमिटमेंट कमी" हा शेरा दोनदा खाल्ला. कामात एक चूक दाखवली नाही कुणी. मेहनत मोजायची पट्टीच जर खुर्चीत बसलेले तास असेल तर अर्धे लोक पळायच्या आधीच बाद. तेव्हा तो सहाला जाणारा मुलगा, त्याच्यावर राग धरू नका एवढंच. तुमच्या पोस्टमधे त्याचा गुन्हा तोच एक दिसतोय.

आणि माणसांबद्दल. मला आताची नोकरी लागली ती जुन्या ऑफिसातल्या एका बाईंमुळे, ज्यांच्याशी माझी फार तर लिफ्टमधली ओळख. नंतर कळलं की हे असंच असतं म्हणे, मार्क ग्रॅनोव्हेटर म्हणून समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७३च्या लेखात दाखवलंय की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना ती कधीमधी भेटणाऱ्या माणसाकडून कळली, जवळच्या मित्रांकडून मिळालेले थोडेच. कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. दुसरं उदाहरण शास्त्रज्ञ कातालिन कारिको यांचं, त्यांना एमआरएनएच्या (पुढे कोविडच्या लशी ज्यावर बनल्या त्या) कामावर पैसेच मिळत नव्हते, १९९५ला त्यांना विद्यापीठात खालच्या पदावर टाकलं होतं. नंतर झेरॉक्स मशीनपाशी तिथलेच शास्त्रज्ञ ड्रू वाइसमन भेटले, तिथल्या गप्पांतून एकत्र काम सुरू झालं, २००५ला त्यांचा महत्त्वाचा पेपर आला आणि २०२३ला दोघांना नोबेल. आता हेही खरं की मशीनपाशी उभं राहून सांगण्यासारखं काहीतरी त्यांच्याकडे होतं, ते त्या कित्येक वर्षांच्या मेहनतीतूनच आलेलं. पण मान खाली घालून जागेवरच बसल्या असत्या तर?

तुम्ही अकरा वर्षांत किती वेळा दुसऱ्या डिपार्टमेंटच्या मजल्यावर सहज म्हणून गेलायत?

ढोरमेहनत_११

सगळ्यांचे आभार. पाच दिवस उत्तर दिलं नाही कारण आधी जरा राग आला होता, विशेषतः तिरपागडा यांचा. मग म्हटलं एकदा बघूनच येऊ.

ऑडिट आमच्या वर दोन मजले. अकरा वर्षांत मी तिथे बहुतेक तीनदा गेलो असेन, तेही सही घ्यायला. तिथल्या मॅडमना विचारलं, दर महिन्याला माझा रिपोर्ट येतो, त्यातलं तुम्ही काय काय वापरता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मेल उघडला, मेलबॉक्समधे रिपोर्टांची ओळच्या ओळ होती, आणि सगळे ठळक अक्षरात. म्हणजे न उघडलेले. मॅडमना माझ्यापेक्षा जास्त अवघडल्यासारखं झालं. म्हणाल्या, आम्हाला फक्त शेवटच्या पानावरची बेरीज लागायची, आता ती पण तीन वर्षांपासून सिस्टीममधे दिसते, मला वाटलं हा रिपोर्ट तुमच्याच डिपार्टमेंटला लागतो आणि मला नुसता माहितीसाठी पाठवता. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, मला वाटलं ऑडिट मागतं.

चार दिवस गुणिले बारा, आणि त्यातली निदान ही तीन वर्षं. मी जिन्यातच बसलो थोडा वेळ.

पाणकावळा सर, तो तुमचा मुलगा म्हणाला ना हा मी नाही, ते जिन्यात आठवलं मला.

पण तिथे अजून एक गोष्ट झाली. मॅडम म्हणाल्या, आलाच आहात तर सांगा, स्पेअर पार्टचा खर्च दरवर्षी का वाढतोय ते आम्हाला कळतच नाही. मी उभ्या उभ्या सांगितलं, अहो एकच पार्ट तीन वेगवेगळ्या कोडने नोंदवलाय, एका कोडवर शून्य दिसलं की नवीन ऑर्डर जाते आणि दुसऱ्या कोडचा माल रॅकवर गंजत पडलेला असतो, असे दोनशेच्या वर पार्ट आहेत. त्या म्हणाल्या हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही? मी म्हटलं, रिपोर्टात आहे की, पान तेवीस. दर महिन्याला असतं.

तिरपागडा

दर महिन्याला पान तेवीस!! आई गं.

अरे हाच तुझा माल आहे, आणि तू त्याच्यावर एकोणचाळीस पानांचं पोतं टाकून ठेवलंस. एक पान कर. गंजलेल्या मालाची एकूण किंमत वर मोठ्या अक्षरात, खाली पाच उदाहरणं, शेवटी काय करायला पाहिजे त्याच्या दोन ओळी. साहेबाला आधी दाखव, थेट वर नको जाऊस, नाहीतर सेमेलवाइस होशील.

पाणकावळा

आणि किती रात्री जागून हे शोधलं ते त्यात लिहू नका. मोह होईल.

कष्टाळू_काका

रॅकवरच्या मालाचे फोटो लाव बाळा. गंज दिसला की कुणी वाद घालत नाही.

ढोरमेहनत_११

फोटो लावतो काका. मोह झाला होता सर, पहिल्या ड्राफ्टमधे पहिली ओळ तीच होती, "गेली अकरा वर्षे सातत्याने", खोडली.

त्या पोराला दाखवलं आज, बॅग उचलायच्या आधी. वीस मिनिटं थांबला, दोन कॉलम काढून टाकले त्याने आणि मला विचारलं, हे सगळं तुमच्या डोक्यात होतं तर मला शिकवताना का नाही सांगितलंत? काय सांगणार, महिनाअखेर होती तेव्हा. आणि हो, त्याने खरंच दोघांना शिकवून ठेवलंय त्याचं काम.

साहेबांनी सोमवारी पंधरा मिनिटं दिलीत. काय होईल माहीत नाही, पान तेवीस वाचून ते म्हणतील की मग इतकी वर्षं गप्प का बसलास, तेही शक्य आहे, आणि त्यांचं बरोबरच असेल. मोठा रिपोर्ट या महिन्यापासून बंद. म्हणजे महिनाअखेरीचे चार दिवस मोकळे झाले, आणि खरं सांगू का, आनंद व्हायच्या ऐवजी भीतीच वाटतेय. त्या चार दिवसांत मी काय करतो हे आता कुणीतरी बघणार. काल सहा वाजता उठून बघितलं, वॉचमनने विचारलं, बरं नाही का तुम्हाला.